कितीवर आहात?

सकाळी सहाच्या सुमारास आमच्या वसाहतीच्या मागच्या कट्ट्यावर जी निवृत्त मंडळी जमते, तिच्यात क्षेमकुशल विचारण्याचा एक ठरीव शिरस्ता आहे : आधी साखर, मग रक्तदाब, मग परदेशस्थ चिरंजीवांचा व्हिसा, आणि हे तीनही विषय समाधानकारक निघाले तर शेवटी हवापाणी. त्यामुळे मी या कट्ट्यावर नवखा असताना, पांढऱ्याशुभ्र सदऱ्याच्या खिशाला पेन लावलेले एक टापटिपीचे गृहस्थ माझ्याशेजारी येऊन बसले आणि अत्यंत आस्थेने "काय मास्तर, कितीवर आहात?" असे विचारते झाले, तेव्हा त्या आपुलकीने मी भारावलो आणि "उपाशीपोटी एकशे चाळीस" असे खरे ते सांगून टाकले. आजारी माणसाकडे पाहावे तसे नव्हे, तर अडाणी माणसाकडे पाहावे तसे त्यांनी माझ्याकडे पाहिले. "तुमचं नाही विचारत," ते म्हणाले, "फोनचं. बारावर आहात, तेरावर आहात, का त्याच्याही खाली?"

हे अद्ययावतराव. त्यांचे खरे नाव वसाहतीच्या भागपत्रावर आहे ते आहे. हे दुसरे नाव लोकांनी बहाल केलेले असून ते त्यांनी रावबहादुरकीसारखे मिरवले आहे. पूर्वी प्रत्येक आळीत होमिओपॅथीची पेटी बाळगणारा एक सद्गृहस्थ असे आणि स्वतःच्या प्रकृतीपेक्षा शेजाऱ्याच्या जिभेचा रंग त्याला अधिक अस्वस्थ करी. त्याचाच वारसा आज या मंडळींनी चालवला आहे. पेटी गेली, फोन आला, जीभ पाहण्याऐवजी सेटिंग्ज पाहू लागले, एवढाच काय तो फरक.

इतर लोक प्रातःकाळी करदर्शन करतात. अद्ययावतराव कर फोनसहित पाहतात. सेटिंग्ज उघडायची, अगदी तळाशी जाऊन 'फोनविषयी' हे प्रकरण काढायचे, अपडेट तपासण्याच्या जागी हलकेच बोट टेकवायचे आणि ते इवलेसे वर्तुळ फिरत असेतोवर श्वास रोखून धरायचा. वर्तुळ थांबते आणि 'तुमची सिस्टम अद्ययावत आहे' असे वाक्य उमटते. कोणाही समंजस माणसाला ज्याने हायसे वाटावे, त्या वाक्याने अद्ययावतरावांचा चेहरा पत्रिका जुळूनही मुलाकडून निरोप न आलेल्या वधुपित्यासारखा होतो. तिथेच खाली बिल्ड क्रमांक म्हणून एक लांबलचक आकडा असतो. त्याच्यावर लागोपाठ सात वेळा टिचकी मारली की फोन स्वतःहून तुम्हाला डेव्हलपर म्हणून घोषित करतो, हा शोध त्यांना ज्या दिवशी लागला त्या दिवशी कट्ट्यावर पेढे आले होते. सात पावले चालून माणूस गृहस्थ होतो, तर सात टिचक्यांनी डेव्हलपर का होऊ नये, हा त्यांचा युक्तिवाद आम्ही पेढा तोंडात असल्यामुळे खोडून काढला नाही.

त्यांची उभी हयात एका जिल्ह्याच्या ठिकाणी, कचेरीतल्या बारनिशीच्या टेबलावर गेली. आलेला कागद वहीत चढवणे, त्याला क्रमांक देणे आणि तो योग्य त्या टेबलाकडे रवाना करणे हे त्यांचे काम. तो रवाना व्हायला किती काळ लागे याची कैफियत त्या वेळच्या अर्जदारांनी द्यावी. तशाच एका कचेरीत माझ्या एका फेरफाराच्या नोंदीने दोन पावसाळे काढले होते, एवढे सांगून मी गप्प बसतो. पण या अनुभवामुळेच की काय, अँड्रॉइडचे अपडेट उशिरा का येते याचा उलगडा त्यांच्याइतका स्वच्छ मला आजवर कोणी करून दिलेला नाही.

"हे पाहा मास्तर, हुकूम सुटतो हुजुरातून, म्हणजे गूगलकडून. पण हुकूम सुटला म्हणजे अंमल झाला का? कागद आधी जातो चिप करणाऱ्याकडे. क्वालकॉम म्हणा, मीडियाटेक म्हणा. तो बघणार, आपल्या जुन्या चिपसाठी एवढी यातायात करायची का? नाही म्हणाला, की प्रकरण तिथंच दप्तरी दाखल. हो म्हणाला, तर कागद फोनवाल्या कंपनीच्या टेबलावर. ती त्यावर आपला अंगरखा चढवणार, पदरची चार ॲप घुसडणार, मग तपासणी. काही मुलखांत तर मोबाइलची सेवा देणाऱ्या कंपनीचीही सही लागते. आणि एवढं होऊन सुटला, तरी सगळ्या तालुक्यांना एकदम नाही. आधी मूठभरांना, त्यांचं काही बिघडलं नाही, तर मग बाकीच्यांना."

2017 साली, आठव्या आवृत्तीच्या वेळी, गूगलने मूळ प्रणालीचे दप्तर आणि चिपवाल्यांचे दप्तर निरनिराळे केले, जेणेकरून दर नव्या हुकमाबरोबर खालचे जुने बाड पुन्हा सोडावे लागू नये. 'ट्रेबल' नावाच्या या सुधारणेविषयी बोलताना, कूळकायद्याविषयी बोलणाऱ्या जुन्या कार्यकर्त्यासारखा अद्ययावतरावांचा कंठ दाटून येतो. दर महिन्याचे सुरक्षा अपडेट मात्र त्यांच्या लेखी निराळे : ते हुकूम नव्हे, शुद्धिपत्रक. 2015पासून गूगल ते महिन्याच्या महिन्याला काढते, आणि तुमच्या फोनवरच्या शुद्धिपत्रकाची तारीख सहा महिन्यांपलीकडची निघाली तर अद्ययावतराव तुमच्या हातून चहा घेतील, पण वायफायचा पासवर्ड घेणार नाहीत.

आयफोनचा विषय निघाला की ते किंचित अबोल होतात. तिथे हुजूर, दिवाण, मामलेदार आणि तलाठी हे चारही एकच असल्यामुळे कागद कुठे अडतच नाही. हुकूम सुटला की 2019 सालचा अकरा क्रमांकाचा आयफोन आणि यंदाचा कोरा आयफोन एकाच रात्री त्याचे धनी होतात. अशा राज्यात प्रजा सुखी असेल, पण बारनिशीच्या कारकुनाने करायचे काय?

नव्या माणसाचा सर्वांत मोठा गोंधळ होतो तो क्रमांकांचा. सॅमसंगच्या फोनवर अँड्रॉइड 15 आणि वन यूआय 7 असे दोन आकडे शेजारी शेजारी पाहून आमच्या कट्ट्यावरचे एक निवृत्त अभियंते, आपल्याला कोणता लागू, असे विचारत दोन दिवस हिंडले. अद्ययावतरावांनी त्यांना पंचांग दाखवले. एकाच दिवसाला इसवी सन निराळा आणि शालिवाहन शक निराळा असतो, म्हणून दिवस दोन होतात काय? खालचा सन गूगलचा, वरचा शक कंपनीचा. ॲपलने तर 2025 साली अठराव्या आवृत्तीनंतर एकदम सव्विसावी काढली. मधल्या सात कुठे गेल्या, असे अभियंत्यांनी काकुळतीने विचारले, तेव्हा येणाऱ्या वर्षाचा आकडा धरून त्यांनी नवा शक सुरू केला आहे, राज्याभिषेक शकासारखा, असे समाधान त्यांना मिळाले आणि ते शांतपणे घरी गेले.

नावांचे प्रकरण मात्र जिव्हारी लागणारे आहे. कपकेक, डोनट, जिंजरब्रेड, किटकॅट अशी मिष्टान्नांची नावे वर्णानुक्रमाने लावत जाण्याचा गूगलचा परिपाठ होता, आणि साखरेची गोळी घेणाऱ्या आमच्या मंडळींनी या नामस्मरणातच पुष्कळ गोड खाऊन घेतले. 2016 साली 'एन' अक्षराची पाळी आली तेव्हा लोकांकडून नावे मागवण्यात आली. केरळातल्या मंडळींनी नेय्यप्पमसाठी मोठा जोर लावला, आणि नाव पडले नुगा. त्यावरून बोध न घेता अद्ययावतरावांनी 2018च्या 'पी' अक्षरावर डोळे लावले. पुरणपोळी! तिच्याहून सुलभ, सात्त्विक आणि आवृत्तीला शोभणारे, म्हणजे वरचे आवरण निराळे आणि आतले सारण निराळे असे दुसरे नाव आहे तरी कोणते? त्यांनी एक सविस्तर पत्रही लिहिले, ते कोणत्या पत्त्यावर धाडले हे त्यांचे त्यांना ठाऊक. नाव आले 'पाय'. त्या आवृत्तीत पडद्यावरचे घड्याळ उजव्या कोपऱ्यातून डाव्या कोपऱ्यात गेले, एवढे मला आठवते. कारण महिनाभर अद्ययावतराव वेळ सांगण्याआधी मान डावीकडे वळवीत. पुढल्याच वर्षी, दहाव्या आवृत्तीपासून, जाहीर मिष्टान्ने बंद झाली. आतल्या आत ती अजून शिजतात, सोळाव्या आवृत्तीचे घरगुती नाव बकलावा आहे. पण पंगतीला न वाढलेल्या पक्वान्नाचे कौतुक कोणी आणि किती करावे!

टॅबलेट हे त्यांच्या मते या घराण्यातले दत्तक अपत्य. 2011च्या फेब्रुवारीत केवळ टॅबलेटसाठी म्हणून तिसरी आवृत्ती, हनीकोंब, निघाली. फोनला तिचा घासही मिळाला नाही. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात चौथ्या आवृत्तीने दोघांना एका चुलीवर आणले, आणि मग एकत्र कुटुंबात व्हायचे तेच झाले : दूध फोनला, ताक टॅबलेटला. मोठ्या पडद्यांची आठवण होऊन 2022 साली बाराव्या आवृत्तीची एक खास पुरवणी काढावी लागली. ॲपलने 2019 साली आयपॅडला कायदेशीर वेगळी चूल मांडून दिली, पण त्या चुलीवर भांडी चढायला काय काळ लागला! आयपॅड 2010 साली जन्मला. त्याच्यावर ॲपलचा स्वतःचा गणकयंत्राचा ॲप आला तो 2024 साली. चौदा वर्षे म्हणजे रामाचा वनवास. पैशाआण्याची बेरीज ज्याने जन्मभर उभी-आडवी ताडून पाहिली, त्या माणसाला ही हकीकत सांगताना जो विषण्ण आनंद होतो तो पाहण्यासारखा असतो.

वहिनींचा, म्हणजे अद्ययावतरावांच्या कुटुंबाचा, टॅबलेट अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीवर आहे आणि त्याच्या शुद्धिपत्रकाची तारीख 2018ची आहे. यजमानांच्या लेखी ते वारस नसलेले, देखरेख सुटलेले बेवारशी वतन. वहिनी त्याच्यावर कीर्तने ऐकतात, अनारशांची कृती पाहतात आणि वसाहतीच्या हिशेबाच्या बेरजा तपासतात. "त्याला काही होत नाही," त्या मला एकदा म्हणाल्या, "कारण त्याच्या वाटेला कोणी जात नाही."

गेल्या सप्टेंबरात सोळाव्या आवृत्तीचा खलिता निघाल्याची वार्ता आली आणि अद्ययावतरावांची झोप उडाली. चौथ्या रात्री अकराच्या सुमारास मी खिडकीतून पाहतो तो फाटकाशी अद्ययावतराव, अंगावर शाल, आणि समोर आमचा पहारेकरी. त्याचा फोन नेमका यांच्याच कंपनीचा, त्याच नमुन्याचा.

"तुला काही आलंय का रे?"

"ते अपडेटचं होय, काका? ते मंगळवारपासनं येतंय की. मी 'नंतर'वर दाबतोय."

दरबारी मानकऱ्याला विडा न मिळता तो चोपदाराला मिळावा आणि चोपदाराने तो न खाता खिशात ठेवावा, असा तो प्रसंग होता. अद्ययावतरावांनी तो फोन दोन्ही हातांत घेऊन पाहिला, न दाबता परत दिला आणि ते काही न बोलता जिना चढले. लिफ्ट चालू होती.

वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबर अखेरच्या आत उरकण्याचा कायद्याचा दंडक असल्यामुळे ती त्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी भरली. खजिनदार अर्थातच अद्ययावतराव, आणि जमाखर्च, कागदाची नासाडी नको म्हणून, त्यांच्या फोनमध्ये. विषय क्रमांक तीन पुकारला गेला, खजिनदार उभे राहिले, फोन चेहऱ्यासमोर धरला आणि तसेच राहिले. त्यांच्या ओठांचा कोपरा थरथरला. "आलंय," ते पुटपुटले. अध्यक्षांना वाटले लेखापरीक्षकाचे पत्र.

पुढचे क्षणार्धात घडले. काही नव्या फोनांत अपडेट मागच्या एका रिकाम्या कप्प्यात गुपचूप भरले जाते आणि मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही. अद्ययावतरावांचा फोन त्या खानदानातला नव्हता, आणि हे त्यांच्याइतके पक्के त्या सभागृहात दुसऱ्या कोणालाही ठाऊक नव्हते. तरीही अंगठा पडला. पडदा काळा झाला, कंपनीचे बोधचिन्ह उगवले, खाली एक केसाएवढी रेघ सरकू लागली, आणि अडतीस सभासद, पाण्याच्या टँकरचा खर्च ऐकण्यासाठी घसा साफ करून बसलेले, त्या रेघेकडे पाहत राहिले. तेवीस टक्क्यांवर कोणीतरी चहा मागवला. एकेचाळीसवर गच्चीच्या गळतीचा वाद आपोआप सुरू होऊन आपोआप मिटला. "अर्ध्यावर मध्येच बंद करता येत नाही का?" असे एका तरुण सभासदाने विचारले, तेव्हा खजिनदारांनी त्याच्याकडे, चालू शस्त्रक्रियेत शल्यविशारदाने नातेवाइकाकडे पाहावे तसे, पाहिले.

अखेर वहिनींनीच पिशवीतून आपला सातव्या आवृत्तीचा टॅबलेट काढला, पदराने पुसला आणि बेरजा तपासायला म्हणून आलेला जमाखर्च पहिल्या कलमापासून खणखणीत आवाजात वाचून दाखवला. टँकर, लिफ्टची देखभाल, पंपाची दुरुस्ती, शिल्लक. हिशेब एकमताने मंजूर झाला. अद्ययावतरावांनी त्याला हात वर केला की रेघ शंभरावर पोचली म्हणून, हे इतिवृत्तात नमूद नाही.

फोन जागा झाला. ते एका कोपऱ्यात जाऊन 'फोनविषयी' उघडून बसले, आणि मी जवळून गेलो तेव्हा त्यांनी मला तो सोळाचा आकडा, नातवंडाचे तोंड दाखवावे तसा, दाखवला. "काय बदललं?" मी विचारले. त्यांनी पडदा थोडा वर, थोडा खाली केला. "गोलाई," ते म्हणाले, "कोपऱ्यांची. जरा जास्त गोल आहेत."

शेवटी अध्यक्षांनी, ऐनवेळचे काही विषय असल्यास मांडावेत, असे रिवाजाप्रमाणे पुकारले. सभासद चपला शोधू लागले होते. कोपऱ्यातून खजिनदार उठले, फोन उताणा तळहातावर धरून.

"अध्यक्षांच्या परवानगीनं," ते म्हणाले, "एक शुद्धिपत्रक आलंय. दहाच मिनिटं लागतील."