साखरपुड्यातच पोट भरलं

सिनेमाला उशिरा पोचणं हा आमच्या घरात दखलपात्र गुन्हा आहे. सिनेमाचं एक वेळ चालेल, ट्रेलर चुकता कामा नये, असं बायकोचं म्हणणं. परवा रिक्षा सिग्नलला अडकली आणि आम्ही पोचलो तेव्हा थेट सिनेमाच सुरू होत होता. मध्यंतरापर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

तिचं तरी काय चुकतं? हल्ली अडीच मिनिटांत सगळं उरकतं. कौटुंबिक सिनेमा असेल तर आधी ड्रोनमधून कोकण. मग खर्जातला आवाज, 'काही नाती...' पडदा काळा. पुन्हा 'काही नाती...' पुन्हा काळा. नात्यांचं काय ते कळत नाही, पण बोलणाऱ्याला दमा असावा अशी शंका येते. मिनिटभर सगळे हसतात. मग पियानोचा एकच सूर, पाऊस आणि खुर्चीत एकटे बसलेले बाबा. बाबा गेले, हे आपण तिथेच समजून घ्यायचं. ऐतिहासिक असेल तर मशाली, टापा, आणि म्यानातून इतक्या सावकाश निघणारी तलवार की तेवढ्यात शत्रू चहा पिऊन येईल. शेवटी सिनेमाचं नाव आणि नावानंतर एक विनोद. पुढे कळतं, सिनेमात तेवढा एकच होता.

खर्जाची ही परंपरा थोर आहे. अमेरिकेत डॉन लाफाँटेन नावाच्या गृहस्थांनी हजारो ट्रेलरना आवाज दिला. २००८ साली ते गेले. २०१० मध्ये 'इन्सेप्शन' आला आणि तेव्हापासून माणसाऐवजी भोंगा बोलू लागला. माझगावच्या गोदीतून जहाज सुटावं तसा धांऽऽ!

बरं, ट्रेलर तरी सरळ येतो का? आधी 'फर्स्ट लुक', म्हणजे स्थळाचा फोटो. मग मोशन पोस्टर, म्हणजे पत्रिका जुळली. टीझर हा बघण्याचा कार्यक्रम आणि ट्रेलर हा साखरपुडा. तिथे पंगती इतक्या उठतात की लग्नाला कोणी जेवत नाही. आता तर ट्रेलर कोणत्या तारखेला येणार, याचाही व्हिडिओ येतो.

२०१६ च्या 'फॅन'च्या जाहिरातीत एक गाणं होतं, सिनेमात नव्हतं. मराठवाड्यातल्या एका बाईंनी ग्राहक मंचात तक्रार केली की गाणं न दिसल्यामुळे मुलं रात्री जेवली नाहीत. राज्य आयोगाने दहा हजारांची भरपाईही दिली. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. ट्रेलर म्हणजे वचन नव्हे, म्हणाले. मी त्या माउलीच्या बाजूने आहे, पण माझी तक्रार नेमकी उलटी आहे. ट्रेलरमध्ये होतं ते सगळं सिनेमात होतं आणि तेवढंच होतं. यावर कुठला आयोग दाद देईल?

मुळात ट्रेलर म्हणजे मागून येणारा. १९१३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या थिएटरांत तो सिनेमा संपल्यावर दाखवत. प्रेक्षक तोवर उठून जात, म्हणून पुढे तो आधी आणला गेला.

थिएटरवाल्यांनो, त्याला पुन्हा मागे न्या. म्हणजे आमची रिक्षा अडकली तर फक्त सिनेमा चुकेल.