शहाळं आणू नये

आजारी माणसाला बघायला जाताना शहाळं न्यावं, हा महाराष्ट्रातला अलिखित कायदा आहे आणि माझे सगळे नातेवाईक कायदा पाळणारे आहेत. माझी दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्याची बातमी पसरली आणि आमच्या जिन्यात शहाळ्यांचा ढीग लागला. पेलाभर शहाळ्याच्या पाण्यात सहाशेच्या आसपास मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. मला दिवसभरात मुभा आहे जेमतेम दोन हजारांची. जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकणं हे मूत्रपिंडाचं काम. ते थांबलं की पोटॅशियम रक्तात साठतं आणि फारच साठलं तर हृदय बंद पाडतं. म्हणजे मंडळी माझी चौकशी करायला येताना माझी पुढची सोय सोबत घेऊनच येतात, वर स्ट्रॉसुद्धा असते. हेतू चांगला असतो, त्यामुळे काही बोलता येत नाही. घरातली बाकीची माणसं मात्र हल्ली फार टवटवीत दिसतात.

किडनीच्या पथ्याची खरी अडचण ही, की ते पथ्य वाटतच नाही. मधुमेह्याने पेढा नाकारला की त्याच्या संयमाचं कौतुक होतं. हृदयरोग्याने वडा परत पाठवला की चार लोक माना डोलावतात. मी पालक नाकारतो, केळं बाजूला सारतो, मोड आलेली कडधान्यं नकोत म्हणतो. हातसडीचा तांदूळ असताना पांढराशुभ्र भात घेतो, आट्याच्या ब्रेडऐवजी मैद्याचा पाव मागतो आणि पाणी तर जवळजवळ पीतच नाही. वर्तमानपत्राची कुठलीही आरोग्य पुरवणी काढून बघा, तिच्या हिशेबाने मी वाया गेलेला माणूस आहे. एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या गृहस्थांनी माझं ताट बराच वेळ न्याहाळलं, आजार कुठला ते विचारलं आणि समाधानाने म्हणाले, "असं खाल्ल्यावर दुसरं काय होणार!"

पाण्याचा हिशेब त्याहून नाजूक आहे. काल जितकी लघवी झाली तितकं, अधिक 500 मिलिलिटर, एवढंच आज पोटात जायला हवं. हे गणित चारचौघांत सांगता येत नाही. त्यात चहा आला, ताक आलं, आमटी आली, गोळ्या गिळायला लागणारा घोटही आला. आमच्याकडे एक फुलपात्र माझ्यासाठी वेगळं काढलंय. सकाळी त्याच्या मापाने बाटली भरायची आणि दिवसभर तिच्याकडे बघत बसायचं. तहान फारच लागली तर बर्फाचा खडा चघळायचा किंवा खळखळून चूळ भरून ती थुंकून टाकायची. थुंकण्याच्या क्षणी माणसाची तत्त्वं काय ती कळतात.

अशा माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, "पाणी भरपूर प्या." किडनी म्हटलं की आपल्याकडे मुतखडाच. "आमच्या साडूंनाही होता. महिनाभर कुळथाचं पाणी घेतलं, पडून गेला." माझ्याकडे पडण्यासारखं काही नाही, हे मी समजावून सांगतो. ते शांतपणे ऐकून घेतात आणि कुळीथ कुठल्या दुकानात चांगला मिळतो ते सांगतात.

बरं, चोरून प्यावं तर तीही सोय नाही. डायलिसिसला गेलं की आधी वजनकाट्यावर उभं करतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यात घासाघीस चालत नाही. तंत्रज्ञ मुलगा माझ्या मुलाच्या वयाचा आहे. आकडा बघतो, माझ्याकडे बघतो आणि म्हणतो, "काका, पाहुणे आले होते का?" पूर्वी पापपुण्याचा हिशेब मेल्यावर व्हायचा. आता आठवड्यातून तीनदा होतो, आणि तोही चपला काढून.

निरोगी मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि आठवड्याचे 168 तास कामावर असतात. यंत्र हे काम आठवड्याला 12 तास करतं. उरलेल्या 156 तासांची ड्यूटी पथ्याकडे, म्हणजे माझ्याकडे, बिनपगारी. या यंत्राचा इतिहास मी मुद्दाम वाचला. विलेम कोल्फ या डच डॉक्टरने 1943 साली, नाझींच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, कृत्रिम मूत्रपिंड बनवलं तेव्हा रक्त गाळायला सॉसेज भरायची सेलोफेनची नळी वापरली होती. ज्या यंत्रापायी मला धड जेवता येत नाही, त्याचा जन्म खाण्याच्या पदार्थाच्या वेष्टनातून झाला. कोल्फचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही, पण सॉसेज कुणी खाल्लं असेल, हा प्रश्न यंत्राला जोडलेला असताना हटकून मनात येतो.

आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेला तक्ता फ्रिजवर चिकटवलाय. 'चालेल' या रकान्यात दुधी, दोडका, पडवळ आणि कोबी आहेत, म्हणजे लहानपणी ज्या भाज्यांवर मी बहिष्कार टाकला होता त्या सगळ्या दबा धरून बसलेल्या. त्याही सरळ खायच्या नाहीत. सोलायच्या, बारीक चिरायच्या, भरपूर कोमट पाण्यात भिजत घालायच्या, ते पाणी फेकायचं, पुन्हा भरपूर पाण्यात उकळायच्या आणि तेही पाणी फेकायचं. पोटॅशियम पाण्यात उतरतं. रंग, वास आणि भाजीचा स्वभाव हेही त्याच्यासोबत मोरीत जातात. खाली उरतं ते फोडणीत परतायचं, अर्थात मिठाशिवाय.

मिठाबद्दल सल्ला फुकट मिळतो. सैंधव खा म्हणतात, पण सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. 'लो सोडियम' मीठ खा म्हणतात, तर त्यात सोडियम कमी करून भरलेलं असतं पोटॅशियम. एकादशीचाही आधार उरलेला नाही. बटाटा, रताळं, शेंगदाणे, राजगिरा, खजूर, केळं ही उपवासाची यादी बाईंच्या 'चालणार नाही' या रकान्यातून उतरवून घेतल्यासारखी आहे. उपवास केला तर माझा जीव धोक्यात येतो. विठ्ठलाने समजून घ्यावं. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. कापल्यावर चांदणीसारखी फोड पडते ते कमरख किडनीच्या रोग्याच्या थेट मेंदूवर जातं, न थांबणाऱ्या उचक्यांपासून मृत्यूपर्यंत काहीही होऊ शकतं, आणि ते मात्र आजवर कुणी आणलेलं नाही. बाजारात सहज मिळत नसावं.

सल्ले देणाऱ्यांपेक्षा प्रेम करणारे जास्त अवघड. "एका घासाने काय होतंय? मन मारू नये," असं म्हणत मावशी आमटीची वाटी ताटाजवळ सरकवते. मन मारायचं नसेल तर दुसरं काय मारावं लागेल, हे तिला सांगवत नाही. सत्तरी ओलांडलेल्या बाईशी लॉजिकने बोलायचं नसतं. मी वाटी परत सरकवतो, ती डोळ्याला पदर लावते आणि मग तिची समजूत घालण्याचं काम मलाच करावं लागतं. आजारी मी, पण सांत्वनाला लोकांच्या घरी जायचं मीच.

आणि सगळ्यात वाईट, घरच्यांचं लपवणं. मे महिन्यात घरात हापूस आला, पण मला कळू दिला नाही. मी यंत्रावर जायची वाट बघून पेटी उघडतात आणि मी घरात असलो तर आतल्या खोलीत दार लावून खातात. फ्लॅट सहाशे चौरस फुटांचा आहे. हापूस दाराच्या फटीतून बाहेर येतो आणि थेट माझ्या खुर्चीपाशी येऊन थांबतो. मग सगळे हात धुऊन, निरागस चेहऱ्याने बाहेर येतात, आणि धाकट्याच्या हनुवटीवर केशरी ओघळ असतो. मी पेपर वाचतो. बायको विचारते, "काय झालं? गप्प का?"

डॉक्टरही विचारतात, मन कसं आहे. मन बरं आहे. दुधीशी तडजोड झाली, तहानेशीही बोलणी चालू आहेत. फक्त मला वगळून चाललेल्या गुप्त मेजवान्यांचा मात्र खरंच त्रास होतो. त्यामुळे घरच्यांना आणि आप्तेष्टांना कळवण्यात येतं की, शहाळं आणू नये, कुळीथ आणू नये, आंबा मात्र माझ्यासमोर बसून खावा. कोय नीट चोखावी आणि कसा आहे ते मला सांगावं. आंबट निघाला तर जरा जास्तच सविस्तर सांगावं.