टीव्हीच्या पाठीमागचा उजेड

टीव्हीच्या पाठीला चिकटवलेली एलईडी पट्टी नीट लागली असेल, तर ती स्वतः दिसत नाही, फक्त तिच्यामुळे उजळलेली भिंत दिसते. खरेदीच्या वेळी ही अट कोणी सांगत नाही, कारण न दिसणाऱ्या वस्तूला पैसे मोजायला घरातली वडीलधारी मंडळी तयार नसतात.

वास्तविक या उजेडाचे शास्त्र त्यांचेच आहे. काळोख्या खोलीत पडदा क्षणात झगझगतो, क्षणात विझतो, आणि डोळ्याला दर वेळी नव्याने जुळवून घ्यावे लागते. मागे मंद, स्थिर उजेड असला की डोळा कमी थकतो आणि चित्रातला काळा अधिक काळा भासतो. ‘अंधारात टीव्ही बघू नका, डोळे जातील’ असे बजावत झिरोचा बल्ब लावणाऱ्या आजीचा उपाय बरोबर होता, रोगनिदान तेवढे कडक होते. अमेरिकेत सिल्व्हानिया कंपनीने 1950 च्या दशकात पडद्याभोवती उजळ चौकट असलेले टीव्ही विकले. चित्राप्रमाणे रंग बदलणारा उजेड फिलिप्सने 2004 साली ‘अ‍ॅम्बिलाइट’ या नावाने टीव्हीतच बसवून दिला.

डोळ्यांसाठी पांढरा, 6500 केल्व्हिनचा उजेड योग्य, कारण टीव्हीच्या चित्रातला पांढराही तोच धरलेला असतो. त्याची तीव्रता पडद्याच्या सर्वांत उजळ पांढऱ्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास पुरते. प्रत्यक्षात रंगीत पट्टी आणून ती जांभळ्यावर ठेवण्याची प्रथा आहे. डोळा जांभळ्याला सरावला की पडद्यावरची माणसे हिरवट-पिवळी दिसू लागतात आणि दोष टीव्हीला दिला जातो. भिंत करड्या रंगाची असावी असेही शास्त्र सांगते. पण ती पिस्ता की पीच यावर गृहकलह होऊन गेलेला असल्याने हा मुद्दा पुन्हा न काढणे श्रेयस्कर.

मापाचे गणित सोपे आहे. 55 इंची टीव्ही सुमारे 122 सेंटीमीटर रुंद आणि 68 सेंटीमीटर उंच असतो, म्हणजे चारही बाजूंना 3.8 मीटर पट्टी लागते. गुंडाळी पाच मीटरची मिळते. उरलेला तुकडा ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवून देतात आणि तो भाद्रपदात मखराला लागतो.

चिकटवण्याआधी टीव्हीची पाठ पुसावी लागते. दिवाळीच्या साफसफाईतूनही सुटलेला घरातला हा बहुधा एकमेव प्रदेश. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, वाळू देऊन, कडेपासून थोडे आत पट्टी दाबून बसवावी आणि हवेच्या जाळ्या मोकळ्या ठेवाव्यात. कोपऱ्यावर ती साडीच्या घडीसारखी मोडू नये. तांब्याच्या खुणेवर कापून जोड द्यावा. दिव्यागणिक वेगळा रंग दाखवणाऱ्या पट्टीवर बाण असतात. बाणाची दिशा उलटी झाली तर पट्टी पेटत नाही, आणि मग घरातले प्रत्येक माणूस एकेकदा प्लग काढून घालून बघते. टीव्ही भिंतीला अगदी खेटून असेल, तर उजेड पसरत नाही, ठिपके दिसतात आणि घरात लग्नघर अवतरते.

विजेच्या बाबतीत मात्र काटकसर चालत नाही. मीटरला 60 दिव्यांची पट्टी घेतली, तर 3.8 मीटरमध्ये 228 दिवे येतात. पूर्ण पांढऱ्या उजेडात प्रत्येकी 60 मिलिअँपिअर धरले, तर पाच व्होल्टवर जवळजवळ 14 अँपिअर होतात. टीव्हीचे साधे यूएसबी अर्धा अँपिअर देते. यूएसबीसाठी बनवलेल्या मोजक्या दिव्यांच्या पट्ट्यांना तेवढे पुरते, बाकीच्यांना वेगळा अ‍ॅडॉप्टर हवा. तोही एकाच टोकाला जोडला, तर दूरच्या टोकापर्यंत व्होल्टेज घसरते आणि पांढरा उजेड तिथे पिवळा-तांबूस होतो. दोन्ही टोकांना वीज दिली की ते थांबते.

चित्राबरोबर रंग बदलायचा, तर सहसा पडदा पाहणारा कॅमेरा लागतो किंवा एचडीएमआयची पेटी. पेटीला तिच्यातून जाणारे चित्रच कळते. टीव्हीतल्याच अ‍ॅपवर सिनेमा लावला, तर तिला त्याचा पत्ता नसतो. हजारो रुपये घालून हा शोध लागतो. जमलेच, तर क्रिकेटला भिंत हिरवी होते, ‘ब्रेकिंग न्यूज’ला लाल. मालिकेतल्या सासूच्या चेहऱ्यावर तीनदा वीज चमकते तेव्हा खोलीतही तीनदा चमकते, आणि पेंगणारे आजोबा लाइट गेली का म्हणून विचारतात.

काही टीव्हींचे यूएसबी टीव्ही बंद केल्यावरही चालू राहते. मग पट्टी रात्रभर जळते, उजेडाला किडे येतात आणि किड्यांना पाल. रात्री टीव्ही रिमोटने नव्हे, भिंतीवरच्या बटणाने बंद करावा, म्हणजे पट्टी विझते. पालीचा बंदोबस्त या विषयाच्या कक्षेत येत नाही.