बैठा खेळ, उभा वाद

राहुरीत पहाटे साडेपाचला मुळेच्या पुलाकडे निघालेली माणसं तीन प्रकारची असतात. साखर वाढली म्हणून चालणारी, पोलीस भरतीसाठी पळणारी आणि तिसरे नाना. नाना चालतही नाहीत, पळतही नाहीत. अंगात निळा ट्रॅकसूट, कपाळाला पट्टी, गळ्यात नॅपकिन अशा थाटात ते कठड्याला टेकून उभे राहतात आणि उजव्या हाताची तर्जनी अंगठ्यावरून सटासट सोडत राहतात. तर्जनी शंभर वेळा, मधलं बोट पन्नास वेळा, मग डावा हात. नवख्याला वाटतं, म्हाताऱ्याच्या बोटांना मुंग्या आल्यात. जुना माणूस फक्त विचारतो, "काय नाना, सराव?"

"हंगाम जवळ आला," नाना गंभीरपणे सांगतात.

आमच्या तालुक्यात हंगाम म्हटलं की ऊस. नानांचा हंगाम मात्र गणपतीच्या मंडपात सुरू होतो. गळिताशी त्याचं साम्य एवढंच, की तोही कधी सुरू होईल आणि किती दिवस चालेल, याचा कोणालाच भरवसा नसतो.

नाना कॅरम खेळतात. वय ६३, वजन ९२. मोटारपंप आणि ठिबकच्या सुट्या भागांचं दुकान आहे, पण 'धंदा काय?' असं कोणी विचारलं तर उत्तर येतं, "दुकान आहे, पण मूळचा मी खेळाडू." या एका शब्दासाठी त्यांनी आयुष्यभर आटापिटा केला. सकाळी भिजवलेले बदाम, सामन्याआधी दोन केळी, दोन बोर्डांच्या मध्ये इलेक्ट्रॉलचं पाणी. आदल्या रात्री भात बंद, कारण भाताने बोट जड होतं. तर्जनीचं नख दर तिसऱ्या दिवशी कापून कानशीने घासायचं. घरात ते नारळ फोडत नाहीत, शेंगा सोलत नाहीत, बाटलीचं बूचही उघडत नाहीत. काकू म्हणतात, "दळणाचा डबा गिरणीत मी नेते आणि खेळाडू हे!"

खरा तंटा संध्याकाळी असतो. दुकानासमोरच्या बाकावर आम्ही चौघे-पाच जण जमतो. मुळा धरण किती भरलं आणि कारखाना कधी पेटणार, हे दोन विषय संपले की पैलवान नानांकडे वळतात. पैलवानांनी तरुणपणी पंचक्रोशीतले आखाडे गाजवलेले. दोन्ही कान मोडलेले. त्यांच्या लेखी घाम गाळेल तो खेळाडू, बाकी सगळे प्रेक्षक.

"नाना, मी ८० किलोचा गडी उचलून आपटायचो. तुझ्या स्ट्रायकरचं वजन किती रे?"

"जास्तीत जास्त १५ ग्रॅम. नियम आहे तसा."

"आन् बोर्ड?"

"७४ सेंटिमीटर. चौरस."

"एवढ्याशा जागेत तर आमची म्हैस बसत न्हाई! बसून जिंकणारा मी एकच पाह्यला, सोसायटीचा चेअरमन."

नाना चिडत नाहीत. त्यांच्याकडे दाखले तयार असतात. दुकानाच्या पावतीपुस्तकामागे ते त्यांनी उतरवून ठेवलेत. अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाले आणि त्याच वर्षी बुद्धिबळाच्या मॅन्युएल आरनला एक मिळाला. कॅरममध्ये दोनदा जगज्जेता झालेल्या चेन्नईच्या मारिया इरुदयमला १९९६ चा मिळाला. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ब्रिजच्या जोडीला सुवर्णपदक मिळालं, त्यातले प्रणव बर्धन साठीचे. "पत्ते खेळून सुवर्ण, पैलवान! आणि तुम्ही पस्तिशीत निवृत्त." नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बाटुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तर राज्य सरकारने तीन कोटी दिले. "सरकार फुकट देतं का कोणाला?" नाना विचारतात. यावर मात्र बाकावरचे सगळे क्षणभर विचारात पडतात.

एकदा नानांनी कार्पोव्ह काढला. १९८४ मध्ये मॉस्कोत सुरू झालेली कार्पोव्ह-कास्पारोव्ह लढत पाच महिने चालली, ४८ डाव झाले तरी निकाल लागेना, आणि बसल्या बसल्या कार्पोव्ह दहा किलोंनी उतरला असं सांगतात. "शेवटी लढतच थांबवावी लागली. बैठा खेळ म्हणे!" चहा घेऊन आलेल्या काकूंनी नानांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "मग तुमचं हो कुठं अडलंय?"

पण सगळ्यात वर्मी बसलेला दाखला नेमबाजीचा. कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेतलं, तेव्हा नानांनी दुकानासमोर पेढे वाटले. पैलवानांच्या हातावर पेढा ठेवत म्हणाले, "१९५२ ला खाशाबांनी आणलं, कुस्तीत. मान्य. त्यानंतर महाराष्ट्राला एकट्याच्या नावावरचं पदक मिळायला ७२ वर्षं लागली. आणि मिळवलं कोणी? जो हलला नाही त्याने! हलला असता तर गेलं असतं पदक."

पैलवानांनी पेढा खाल्ला. खाशाबांचं नाव आल्यावर त्यांना बोलता येत नाही.

पुढच्या फेब्रुवारीत नगरला महाराष्ट्र केसरी झाली आणि एका मल्लाने पंचाला लाथ मारल्याचं उभ्या महाराष्ट्राने पाहिलं, तेव्हा तर नानांना दिवाळीच. "आमच्यात हे होणं नाही. पंचाला लाथ मारायची तर खुर्चीवरून उठावं लागतं. आणि उठलं की आमच्यात फाऊल!"

अशा वेळी दोन्ही पक्ष माझ्याकडे बघतात. मी मराठीचा मास्तर. मी एकदा सांगितलं, की आपल्या भाषेत धावणारा धावपटू, पोहणारा जलतरणपटू आणि सोंगटी मारणारा कॅरमपटू. पटू म्हणजे निष्णात. त्यात घामाचा थेंब नाही. बोलण्यात तरबेज असेल तो वाक्पटू, म्हणजे तोही पटूच.

"मग आमदारबी खेळाडू का, सर?" पैलवानांनी विचारलं.

"ते पटू नव्हेत," नाना म्हणाले, "ते पटवू."

घामाचा निकाल मात्र गेल्या गणपतीत लागला. मंडळाच्या स्पर्धेची अंतिम फेरी. मंडपात बोर्डावर लोंबणारा एकच मोठा दिवा. पावडर उडते म्हणून नानांनी पंखा बंद करायला लावलेला, आणि खेळाडूचा मान म्हणून ट्रॅकसूटची चेन गळ्यापर्यंत ओढलेली. समोर अकरावीतला एक मुलगा, बनियनवर. दोघांचा एकेक गेम झाला. तिसऱ्यात आठव्या बोर्डापर्यंत ताणलं. नानांची एक पांढरी सोंगटी उरली होती, तीही त्यांच्याच बाजूच्या पॉकेटच्या कडेला चिकटलेली. राणी कव्हर झालेली. नानांनी मलमलच्या फडक्याने बोट पुसलं, चिमूटभर पावडर चोळली, श्वास रोखला. स्ट्रायकर समोरच्या फळीवर आदळून परत आला, सोंगटीला हळूच टेकला, सोंगटी आत पडली. टाळ्या झाल्या. स्ट्रायकर मात्र थांबला नाही. आळसावलेल्या माणसासारखा तो पुढे घरंगळत गेला, कडेवर क्षणभर रेंगाळला आणि सोंगटीच्या मागोमाग पॉकेटात उतरला.

सोंगटी बाहेर निघाली, दंडाची आणखी एक निघाली आणि त्या पोराने उरलेलं सगळं धुऊन नेलं. नाना खुर्चीवरून उठले तेव्हा ट्रॅकसूट पाठीला चिकटलेला, कपाळाची पट्टी पिळली तर तांब्याभर पाणी निघेल अशी. आधी त्यांनी पोराचा हात हातात घेतला, त्याची तर्जनी वळवून पाहिली आणि म्हणाले, "नख कापत जा." मग ते विजयी मुद्रेने पैलवानांकडे आले.

"बघ. घाम."

पैलवानांनी त्यांना न्याहाळलं. "घाम तर भजी तळणाऱ्यालाबी येतो."

"म्हणजे घाम आला म्हणून कोणी खेळाडू होत नाही, हे कबूल?"

पैलवान काही बोलले नाहीत. स्वतःच्याच डावात ते चीत झाले होते. नानांनी त्या रात्री हरलेली ट्रॉफी मनातून काढून टाकली आणि जिंकलेला वाद घेऊन घरी गेले.

दसऱ्याच्या सुमारास त्यांचा उजवा कोपर दुखायला लागला. चहाचा कप उचलवेना. डॉक्टरांनी विचारलं, "काय काम करता?" नाना म्हणाले, "खेळाडू." डॉक्टरांनी कोपर दाबला, नानांनी ओरडून दाखवलं, आणि केसपेपरवर दोन शब्द उमटले. ते वाचून नाना दवाखान्यातून तरंगतच बाहेर आले. खेळाडूचं दुखणं! डॉक्टरांच्या सहीचं! बाकावर पोहोचेपर्यंत त्यांनी तो कागद गावात सात जणांना दाखवला होता.

पैलवानांनी चष्मा लावला आणि सावकाश अक्षरं जुळवली. "टे-नि-स ए-ल-बो. जन्मभर कॅरम खेळला, आन् दुखणं झालं टेनिसचं!"

हे दुखणं रॅकेट कधी हातात न धरलेल्यांनाही होतं, असं डॉक्टर सांगतात. सुतारांना होतं, रंगाऱ्यांना होतं. दळणाचा डबा रोज उचलणाऱ्या बायकांनाही होऊ शकतं, असं काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

नाना आता कोपराला पट्टा बांधून दुकानात बसतात. तो केसपेपर लॅमिनेट करून गल्ल्यामागे साईबाबांच्या तसबिरीशेजारी लावलाय. त्यातला 'टेनिस' शब्द खोडून वर 'कॅरम' लिहिलंय. सही डॉक्टरांची आहे. अक्षर डाव्या हाताचं.