जत्रेतले वाद्यवृंद

भवानीनगरच्या छत्रपती साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, की आसपासच्या गावांत चैत्र-वैशाखातल्या जत्रांचा हंगाम सुरू होतो. सकाळची सनई बहुधा पुजारीच ऐकतो. दुपारी ब्रास बँड येतो. लाल कोटाची कॉलर घामाने काळी, आणि क्लॅरोनेटवाला चिंचेची सावली हेरत वाजवणारा. संध्याकाळी छबिन्यापुढे बेंजो पार्टी असते. तिच्यात सर्वांत मोठा आवाज जनरेटरचा.

रात्री तमाशा. त्याची सुपारी अनेकदा नारायणगावच्या राहुट्यांत ठरते. गण-गवळण रंगात आली की वाद्ये थांबवून पाहुण्यांचे सत्कार होतात. फेटे, शाली, नारळ आणि भाषणे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद हवा. सत्कार त्याआधी कसेबसे उरकतात, कलावंतांचे मात्र राहून जातात. दुसऱ्या दिवशी कुस्त्यांच्या फडात हलगी वाजते. तिला वीजही लागत नाही आणि निवेदकही.