28 टक्क्यांचा खासदार

श्री ठाणेदारांचं आपण भरभरून कौतुक केलं. बेळगावात वाढलेला, मराठीत आत्मचरित्र लिहिलेला माणूस अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात जाऊन बसला, तर ऊर भरून येणारच. पण ते निवडून कसे आले, हे विचारायचं राहून गेलं.

2018 मध्ये त्यांना मिशिगनचं गव्हर्नरपद हवं होतं. स्वतःच्या खिशातून एक कोटी डॉलरहून अधिक ओतले आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत तिसरे आले. मग मुक्काम ॲन आर्बरहून डेट्रॉइटला हलला. 2020 मध्ये राज्याचं प्रतिनिधिगृह, 2022 मध्ये थेट वॉशिंग्टन.

मेख आहे ती 2022 च्या प्राथमिक निवडणुकीत. रिंगणात नऊ जण, ठाणेदारांना जेमतेम 28 टक्के. शंभरातल्या बहात्तर जणांनी दुसऱ्याच कुणाला पसंती दिली, तरी उमेदवारी यांची. मतदारसंघ डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला, त्यामुळे खरा निकाल तिथेच लागला. नोव्हेंबरातले 71 टक्के पक्षाच्या नावाचे. मतं फुटली की कोणाचं फावतं, हे महाराष्ट्राला कुणी समजावून सांगायला नको.

या विजयाची दुसरी बाजू आपल्या पेढ्यांत हरवली. डेट्रॉइट हे कृष्णवर्णीय बहुसंख्येचं शहर. 1955 मध्ये चार्ल्स डिग्ज काँग्रेसमध्ये गेले तेव्हापासून तिथला निदान एक कृष्णवर्णीय प्रतिनिधी सभागृहात असे. जॉन कॉनियर्स तर पन्नासहून अधिक वर्षं होते. जानेवारी 2023 मध्ये ही परंपरा तुटली. किती पिढ्यांनी झगडून मिळवलेली जागा होती ती! तिथल्या लोकांची खंत मला पूर्ण रास्त वाटते. मुंबईत आपला माणूस हवा म्हणून आपण रान उठवतो. मग डेट्रॉइटकरांनीच का गप्प बसावं?

ठाणेदारांनी नियम मोडलेला नाही. नियमच लंगडा आहे: पैसा आधी नाव घरोघर पोहोचवतो, बाकीचं काम मतविभागणी करते. 2024 मध्ये त्यांचे जुने प्रतिस्पर्धी ॲडम हॉलियर पुरेशा वैध सह्यांअभावी बाद झाले आणि वाट आणखी सोपी झाली.

खासदार म्हणूनचं वागणंही पाहायला हवं. 2025 मध्ये ठाणेदारांनी ट्रम्प यांच्यावर महाभियोगाचा ठराव मांडला, तो मतदानाला घ्यायचा आग्रह धरला आणि स्वपक्षीयांच्याच नाराजीनंतर माघार घेतली. सहकाऱ्यांना आधी विश्वासात न घेता असा ठराव रेटणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं, माणूस बेळगावचा असला तरी.