‘माहीत नाही’चा रकाना

नवा रंग दिसला की मला ओलीचा वास येतो. उभा जन्म सार्वजनिक बांधकाम खात्यात काढल्याचा हा परिणाम. मंत्र्यांचा दौरा ठरला की आमच्या विश्रामगृहाला रातोरात रंग लागायचा. छताचा डाग झाकला जायचा, मोडक्या खिडकीवर पडदा चढायचा, आणि साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडून आठवडा होतो न होतो तोच डाग आपल्या जागी हजर. त्यामुळे न्यू जर्सीत राहणाऱ्या लेकीनं घेऊ घातलेल्या घराचे फोटो दाखवले, तेव्हा ‘छान आहे’ म्हणायच्या आधी मी विचारलं, “इथं कुणाचा दौरा होता गं?”

दौरा आमचाच होता. घर ‘फ्लिप’ केलेलं होतं. तिकडे हा राजरोस धंदा आहे. एखादं म्हातारं माणूस जातं, मुलं दूर कुठंतरी असतात, आणि साठ वर्षांच्या सामानासकट घर पडत्या भावात निघतं. कुणीतरी ते रोखीनं उचलतो, चार-सहा महिन्यांत त्याचा कायापालट करतो आणि चढ्या भावानं विकतो. यावर टीव्हीवर कार्यक्रम चालतात. २०१३ साली टेक्सासमधल्या वेको गावच्या एका जोडप्याचा ‘फिक्सर अप्पर’ सुरू झाला. त्याचे जुने भाग आमची ही अजून भक्तिभावानं बघते. हातोडा पडतो, जाहिरात लागते, जाहिरात संपते तो नव्या ओट्यावर लिंबांची परडी. मधल्या काळात गवंडी गावाला गेला आणि परत आलाच नाही, असं एकदाही होत नाही.

आमचं घर एडिसन गावातलं, १९५८चं, ‘स्प्लिट लेव्हल’. अर्धा जिना चढलं की झोपायच्या खोल्या, अर्धा उतरलं की तळघर. भिंती राखाडी, जमीन राखाडी, कपाटं पांढरी, नळ काळे. मधली भिंत काढून स्वयंपाकघर आणि दिवाणखाना एक केलेला. मी भिंतीवर टिचकी मारली तर ढोल वाजला. वीट औषधालाही नाही; लाकडी सांगाडा आणि त्यावर जिप्समचे तक्ते. “बाबा, इथं सगळीकडे असंच असतं,” जावई अजिजीनं म्हणाले. असेल. पण ज्या भिंतीत खिळा ठोकायचा तर आधी आतलं लाकूड शोधावं लागतं, तिच्यावर तीस वर्षांचं कर्ज काढायला छाती पाहिजे.

तिथली एक पद्धत मात्र मला मनापासून आवडली. सौदा पुरा व्हायच्या आत घेणारा आपल्या खर्चानं परवानाधारक इन्स्पेक्टर आणून घर तपासून घेतो. आमच्या इन्स्पेक्टरनं बुटांवर निळी प्लास्टिकची आवरणं चढवली, शिडी उघडली, ओल मोजायचं यंत्र काढलं. जावयांनी माझी ओळख ‘सरकारी इंजिनिअर’ अशी करून दिली, तेव्हा त्यानं चोरून घड्याळाकडे पाहिलं. पण अर्ध्या तासात आमचं जमलं. तो बोट दाखवायचा, मी मान हलवायचो. माळ्यावर न्हाणीघराच्या पंख्याची नळी छताबाहेर न काढता तिथंच सोडलेली. म्हणजे आंघोळीची सगळी वाफ माळ्यावरच्या लाकडाला. थॉमस एडिसनच्या नावानं १९५४ साली ज्या गावाचं बारसं झालं, तिथल्या या घरात विजेचं पॅनल असं, की भार वाढला तरी ब्रेकर पडेलच याची खात्री नाही. त्याच्या झाकणाला मात्र ताजा पांढरा रंग. तळघराच्या कोपऱ्यात मी वाकून बघितलं तर रंगाखालून पिठासारखी पांढरी पूड सुटलेली. लोणा! अमेरिकेत पाय ठेवल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी ओळखीचं भेटलं.

मग वर येऊन, जिथं भिंत काढली होती तिथं मी नातवाची गोटी जमिनीवर ठेवली. ती जरा थांबली, आणि कुणी न सांगता खोलीच्या मध्याकडे निघाली. इन्स्पेक्टरनं ती उचलून माझ्या हातात दिली आणि काही न बोलता टिपून घेतलं.

अहवाल आला तो साठ-सत्तर पानांचा, फोटोंवर लाल बाण मारलेला. या अहवालांची एक खोड आहे. न्हाणीघराच्या दाराची कडी बसत नाही, आणि वरचा भार तोलणारी भिंत बहुधा काढलेली आहे, ही दोन्ही वाक्यं एकाच टाइपात, एकाच सुरात. लेक पानं मोजूनच घाबरली. मी म्हटलं, “दरसूचीत ज्याला दर आहे त्याला भ्यायचं नाही.” कडी बसवता येते, पॅनल बदलता येतं, नळी छताबाहेर काढता येते. रेडॉनसुद्धा त्यातलाच. हा जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी वायू. ना रंग, ना वास. १९८४ साली पेनसिल्व्हेनियात स्टॅन्ली वॉट्रस नावाचा इंजिनिअर लिमरिकच्या अणुवीज केंद्रात कामावर शिरतानाच तिथलं धोक्याचं यंत्र वाजायला लागलं. शोध घेतला तर दोष केंद्राचा नव्हता, त्याच्या राहत्या घराचा होता. तेव्हापासून तिकडे घर घेताना रेडॉन मोजतात. लिटरमागे ४ पिकोक्युरी किंवा त्याहून जास्त भरला तर उपाय करायचा. तळघराच्या फरशीखालून छपरावर जाणारा एक पाइप आणि त्यात पंखा, की झालं. आमचा आकडा चारच्या किंचित वर होता. लिहिला एस्टिमेटमध्ये.

ही तर तळघरात उतरलीसुद्धा नाही. मोबाइलच्या होकायंत्रावर दार नैर्ऋत्येला आहे एवढं पाहून तिनं निकाल दिला, “हे मला आधी विचारलं असतंत तर इन्स्पेक्टरचे पाचशे डॉलर वाचले असते.”

जावयांचा राग निराळाच होता. घरांचे सौदे तिथं सरकारदफ्तरी कुणालाही बघता येतात, त्यामुळे आधीची किंमत त्यांना कळली होती. “पाच महिन्यांत एवढे लाटले!” मी सवयीनं हिशेब मांडला. ओटा, कपाटं, जमीन, मजुरी, कर्जाचं व्याज, देशभर बदनाम असलेली न्यू जर्सीची घरपट्टी, एजंटांचं कमिशन. उरला तो नफा कुठल्याही ठेकेदाराला कबूल करावा इतपतच होता. हा धंदा दिसतो तितका सोपा नाही. घरांच्या किमती सांगण्यावर जिचं नाव झालं ती झिलो कंपनी स्वतः घरं घेऊन विकायला उतरली, आणि किमतींचा अंदाज बांधता येत नाही म्हणून नोव्हेंबर २०२१मध्ये तिनं हात टेकले. तेव्हा कमावलं याबद्दल माझी तक्रार नाही. खर्च कुठं केला याबद्दल आहे. फोटोत येईल तिथं क्वार्ट्झ, न येईल तिथं रंगाचा हात. वरून कीर्तन, आतून तमाशा. आणि तिकिटाचे पैसे कीर्तन-तमाशा दोन्हींचे.

दरसूचीत न बसणारी गोष्ट निघाली ती तळघराच्या मागच्या भिंतीपाशी. तांब्याच्या दोन बारीक नळ्या फरशीतून वर आलेल्या, वीतभर उंचीवर कापून चपट्या केलेल्या. तिथं टॉर्च मारल्यावर इन्स्पेक्टरचा चेहरा पहिल्यांदाच उतरला होता. पूर्वी तिथली कितीतरी घरं तेलावर तापायची. तेलाची लोखंडी टाकी अंगणात पुरायची, तिथून नळ्या तळघरात. पुढे गॅस आला आणि टाकी विसरली गेली. लोखंड गंजतं, तेल मातीत उतरतं, आणि माती साफ करायचा खर्च त्या दिवशी जो मालक असेल त्याच्या गळ्यात. विमा कंपन्या बहुधा हात वर करतात.

विकणाऱ्यानं भरून दिलेला एक फॉर्म होता. तळघरात पाणी येतं का, वाळवी लागली होती का, जमिनीत टाकी आहे का. पुढे तीन रकाने, होय, नाही आणि माहीत नाही. घर ज्या कंपनीच्या नावावर होतं तिनं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तिसऱ्याच रकान्यात खुणा केल्या होत्या. खोटं एक अक्षर नव्हतं. ज्यानं त्या घरात एक रात्र काढली नाही, छपरावर एक हिवाळा पाहिला नाही, त्याला काय माहीत असणार? ज्याला माहीत होतं तो गेला, आणि त्यानं मागे ठेवलेले डाग, भेगा, चिकटपट्ट्या सगळं राखाडीखाली गेलं. सापडलेल्या दोषांचं मला काही वाटत नव्हतं. पण इतका रंग चढल्यावर न सापडलेल्यांचा दर कसा लावायचा?

आपल्या माहितीच्या अधिकारासारखा कायदा तिथंही आहे. लेकीनं अर्ज करून नगरपालिकेतून घराच्या बांधकाम परवानग्या मागवल्या. वॉटर हीटरची एक परवानगी सापडली. काढलेल्या भिंतीबद्दल चकार शब्द नाही. आमच्या खात्यात निदान खोटी का होईना, नोंद असायची. पाठोपाठ धातू शोधायचं यंत्र घेऊन एक माणूस अंगणात फिरून गेला. नव्याकोऱ्या लाकडी डेकच्या कडेला यंत्र ओरडलं.

वकिलानं पत्र धाडलं. टाकी काढा, माती स्वच्छ असल्याचं राज्याच्या पर्यावरण खात्याचं पत्र आणा, भिंतीची रीतसर परवानगी घ्या. पॅनल आमचं आम्ही बघू. उत्तर दोन ओळींचं आलं. पाच हजार डॉलर सूट, बाकी घर आहे तसं. जावयांचा त्या ओट्यावर जीव जडला होता. “टाकी गळत नसेलही, बाबा.” नसेलही. लेकीनं मला विचारलं, “तुम्ही असता तर घेतलं असतं?” हप्ते ते दोघं फेडणार, मी कोण सांगणारा? मी एवढंच म्हटलं, की टाकी ठणठणीत आहे असं त्याला वाटत असतं, तर उकरून दाखवायला तो एवढा का बिचकतो? सकाळी तिनं वकिलाला नकार कळवला.

सध्या शेजारच्या मेटुचनमधल्या एका घराचं चाललंय. मालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या, लेकाकडे राहायला निघाल्यात. गालिचे विटलेले, कपाटं जुनाट, न्हाणीघर नखशिखांत गुलाबी. पण टाकी काढल्याचं प्रमाणपत्र स्वयंपाकघराच्या खणात, प्लास्टिकच्या पिशवीत. तळघरातल्या फर्नेसच्या पत्र्यावर यजमानांनी दर वर्षीच्या सर्व्हिसची तारीख पेन्सिलीनं लिहिलेली. ते गेल्यावरच्या तारखा बाईंच्या अक्षरात. २०२१च्या आयडा वादळात तळघरात पाणी कुठवर आलं होतं, ते त्यांनी स्वतःच्या पिंडरीवर हात ठेवून दाखवलं. विचारलंही नव्हतं कुणी.

मी न्हाणीघराचं एस्टिमेट करायला घेतलंय, पण पहिल्याच बाबीवर अडलोय. लेक म्हणते गुलाबीच राहू दे, जावई म्हणतात राखाडी करू, आणि संडास ईशान्येला येतो की काय हे बघायला हिनं परत होकायंत्र उघडलंय.